घरच्या चार्जरला करसवलत नको, थेट अनुदान हवे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विजेवर चालणाऱ्या मोटारीचा चार्जर घरी बसवणाऱ्यास प्राप्तिकरात सवलत मिळावी, अशी मागणी होत असते आणि तिच्या समर्थनार्थ अमेरिकेचा दाखला दिला जातो. मागणीमागचा हेतू मला मान्य आहे. मार्ग मात्र चुकीचा वाटतो. गेल्या वर्षी अशी मोटार घेतल्यानंतर बडोद्याच्या मांजलपूर भागातील आमच्या इमारतीत जे अनुभवले, त्यावरून हे मत झाले आहे.

आधी अमेरिकेविषयी. तेथे चार्जरच्या खर्चाच्या 30 टक्के, परंतु जास्तीत जास्त 1,000 डॉलर, इतकी रक्कम देय करातून वजा करण्याची सोय करण्यात आली. 2023 पासून ही सवलत अल्प उत्पन्नाच्या किंवा बिगरशहरी वस्त्यांपुरतीच राहिली. न्यू जर्सीतील माझ्या भाच्याने चार्जर बसवून झाल्यावर अर्ज भरायला घेतला, तेव्हा आपला पत्ता त्यात बसत नाही हे त्याला कळले. पुढे 2025 च्या कायद्याने 30 जून 2026 ही तिची शेवटची तारीख ठरवली. ज्याला करच भरावा लागत नाही, त्याच्या हाती या योजनेतून काहीच पडत नाही, हा तिचा मूळचा दोष तर होताच.

आपल्याकडे हा दोष अधिक ठळक होईल. प्राप्तिकर कायद्याच्या कलम 80 ईईबी अन्वये विद्युत वाहनाच्या कर्जावरील व्याजापोटी दीड लाख रुपयांपर्यंत वजावट मिळत असे; पण कर्ज 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेले असणे आवश्यक होते आणि नव्या करप्रणालीत ती वजावट नव्हतीच. आता त्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. अशा वेळी चार्जरसाठी नवे कलम आणले, तरी माझ्यासारख्या निवृत्तिवेतनधारकाने ते कोठे लावावे? वस्तू आणि सेवा कराची तऱ्हा आणखी निराळी. 1 ऑगस्ट 2019 पासून चार्जरवरील कर 18 वरून 5 टक्क्यांवर आला, परंतु त्या चार्जरपर्यंत वीज नेणाऱ्या केबलवर तो 18 टक्केच आहे.

आणि खरा खर्च केबलचाच असतो. चार्जर बहुधा गाडीबरोबरच मिळतो. मीटरच्या खोलीपासून गाडी उभी करण्याच्या जागेपर्यंत स्वतंत्र तार ओढणे, एमसीबी (भार वाढल्यास वीज तोडणारा स्विच) व आरसीसीबी (विजेची गळती होताच ती तोडणारा स्विच) बसवणे, नीट अर्थिंग करणे आणि गरज पडल्यास जोडणीचा मंजूर भार वाढवून घेणे, यांतच पैसा जातो. मला त्यासाठी सुमारे 27 हजार रुपये पडले आणि सोसायटीचे ना हरकत पत्र मिळवण्यात चार महिने गेले. 3.3 किलोवॅटचा साधा चार्जरदेखील आठ-दहा तास सलग 14 अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो, 7.2 किलोवॅटचा असेल, तर तो 32 अँपिअरच्या घरात जातो. हा खर्च टाळण्यासाठी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडून रात्रभर गाडी चार्ज करणारे लोक मी रोज पाहतो. त्यांना दोष देण्यापूर्वी त्यांच्यासमोर पर्याय काय आहे, तेही पाहावे. दांडिया बाजारातील जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांची गाडी तर रस्त्यावरच उभी असते. त्यांच्यासाठी सार्वजनिक चार्जिंगच हवे.

गुजरातचे 2021 चे विद्युत वाहन धोरण उदार होते, यात शंका नाही. बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे 10 हजार रुपये, मोटारीसाठी कमाल दीड लाख, आणि पहिल्या 250 व्यावसायिक चार्जिंग केंद्रांना 25 टक्के भांडवली अनुदान, कमाल 10 लाख. म्हणजे गाडीला पैसे मिळाले, व्यवसायालाही मिळाले. घरातल्या जोडणीचा विचार तेवढा राहून गेला. दिल्ली सरकारने 2020 च्या धोरणात मात्र घरच्या चार्जिंगचाही विचार केला होता: पहिल्या 30 हजार चार्जिंग पॉइंटना प्रत्येकी 6 हजार रुपयांपर्यंत अनुदान. ब्रिटनने तर मार्च 2022 नंतर स्वतंत्र घरांच्या मालकांचे अनुदान थांबवले आणि ते फ्लॅटधारक व भाडेकरू यांच्यासाठी ठेवले. स्वतःच्या बंगल्यात तार ओढणे सोपे असते, अडचण सामायिक इमारतीत येते, हे तेथे उशिरा का होईना ओळखले गेले.

अनुदान खात्यात जमा करण्याची व्यवस्था आपल्याकडे तयार आहे. पीएम सूर्यघर योजनेत छतावर 3 किलोवॅटचे सौर पॅनेल बसवल्यास 78 हजार रुपये थेट बँक खात्यात येतात. तेथे प्राप्तिकराचा संबंधच येत नाही. हीच पद्धत चार्जरच्या जोडणीला लावता येईल. वीज कंपनीने वेगळा अर्ज ठेवावा, परवानाधारक वायरमनने अर्थिंग तपासून दिलेला दाखला त्यास जोडावा आणि खर्चाचा ठरावीक हिस्सा ग्राहकाच्या खात्यात जमा व्हावा. एकाच इमारतीतील पाच-सहा सभासदांनी मिळून एक सामायिक लाइन घेतली, तर हिस्सा अधिक असावा, कारण पार्किंगमध्ये सहा वेगवेगळ्या केबल लोंबकळण्यापेक्षा ते सुरक्षित आहे. सोसायटीने अर्जाचे उत्तर किती दिवसांत द्यायचे, याची मुदतही नियमातच असावी.

बडोद्यापुरती एक अट मी आग्रहाने सुचवीन. 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीने 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा अनेक इमारतींच्या तळघरांत गाड्या बुडाल्या. म्हणून पूरप्रवण भागात तळघरातल्या चार्जरला अनुदान देऊ नये, आणि तळमजल्यावरचा चार्जर त्या वर्षीच्या पाण्याच्या खुणेच्या वर बसवला आहे याची खात्री झाल्यावरच रक्कम द्यावी. आमच्या इमारतीच्या खांबावर ती खूण अजून पुसलेली नाही. माझा चार्जर तिच्या हातभर वर आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, मांजलपूर, बडोदे