मे महिन्यात मला मत नसतं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात अमेरिकेबद्दल जे काय छापून येतं ते मी इथे फोनवर न चुकता वाचते, आणि गेल्या काही महिन्यांत एक वाक्य इतक्या वेळा वाचलं की शेवटी लिहायलाच बसले. वाक्य असं की अमेरिकेचे आता सरळ दोन तट पडलेत, मधे कोणी उरलंच नाही. अहो, मी उरलेय ना! आणि माझ्यासारखे पुष्कळ आहेत, फक्त आमची हजेरी घ्यायची सोय नाहीये, ती का नाही एवढंच सांगायचंय.

मी मूळची साताऱ्याची. 1999 ला नवऱ्यामागोमाग आले, त्याचा एच-वन म्हणजे नोकरीचा व्हिसा, माझा एच-फोर म्हणजे बायकोचा, त्यावर घरी बसायचं, मग 2002 ला माझा स्वतःचा एच-वन झाला, औषध कंपन्यांच्या डेटाचं काम करते. 2009 ला ग्रीन कार्ड, 2014 ला सिटिझन. राहते पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या उत्तरेला बक्स काउंटी म्हणून जिल्हा आहे तिथे. सिटिझनशिपची शपथ झाली आणि हॉलच्या बाहेर टेबल मांडून काही बायका मतदार नोंदणीचे फॉर्म देत होत्या, त्यात एक रकाना होता, पक्ष कुठला? मी चक्रावलेच. साताऱ्यात मतदारयादीत नाव घालताना आमच्या वडिलांना कुणी पक्ष विचारला असता तर त्यांनी त्याला चहासुद्धा विचारला नसता. मला वाटलं हा माझा खाजगी मामला, ह्यांना कशाला सांगा, म्हणून मी "नो अफिलिएशन" वर खूण केली आणि खुशीत घरी आले.

त्याचा अर्थ काय ते पुढच्या मे महिन्यात कळलं. प्रायमरी म्हणजे आपल्या भाषेत तिकीटवाटप. आपल्याकडे तिकीट मुंबईत नाहीतर दिल्लीत ठरतं, इथे ते मतदार ठरवतात, ऐकायला किती छान, पण पेनसिल्व्हेनियात ते फक्त त्या त्या पक्षात नाव नोंदवलेल्या मतदारांनीच ठरवायचं. आम्ही बिनपक्षाचे लोक ह्या राज्यात दहा लाखांच्या वर आहोत आणि आम्ही त्या दिवशी घरी बसायचं. घटनादुरुस्तीचा प्रश्न बिश्न असेल तर तेवढ्यापुरतं बोलावतात, 2021 च्या मे मधे गव्हर्नरच्या आणीबाणीच्या अधिकारांवर दोन प्रश्न होते तेव्हा मी जाऊन आले होते, पण माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना आपल्याला तेव्हा मत होतं हेच ठाऊक नव्हतं.

आता कुणी म्हणेल नोव्हेंबर आहे की, तेव्हा द्या हवं त्याला. आमच्या काउंटीत ते चालतं कारण इथे दोघं तुल्यबळ आहेत. पण देशभर कितीतरी मतदारसंघ असे आखलेत की तिथे कुठल्या पक्षाचा माणूस निवडून येणार हे लहान पोरही सांगेल, तिथे खरी निवडणूक प्रायमरीलाच उरकते. आणि प्रायमरीला येतात कोण, तर ज्यांचं रक्त सगळ्यात जास्त उसळतं ते. मग उमेदवारही तसाच निघतो. 2022 चंच बघा ना, आमच्या इथे गव्हर्नरसाठी रिपब्लिकन प्रायमरीत उमेदवारांची एवढी गर्दी झाली की 44 टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन डग मास्ट्रियानो निघाले, 2020 ची निवडणूक चोरीला गेली म्हणणाऱ्यांतले अगदी पुढचे, आणि नोव्हेंबरमधे डेमोक्रॅट जॉश शपिरोकडून जवळजवळ 15 टक्क्यांनी आपटले. आमचे शेजारी म्हातारबुवा आयुष्यभराचे रिपब्लिकन. त्यांनी मला कुंपणापाशी हळूच सांगितलं की गव्हर्नरला शपिरो आणि काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, आपला नेहमीचा फिट्झपॅट्रिक, म्हणजे एकाच कागदावर एक डेमोक्रॅट एक रिपब्लिकन. पूर्वी इथे एका खुणेत अख्ख्या पक्षाला मत टाकता यायचं, ती सोय 2019 च्या कायद्याने काढली, तेव्हा लोक कुरकुरले होते, मला विचाराल तर फार चांगलं झालं, निदान प्रत्येक नाव वाचावं तरी लागतं.

त्या फिट्झपॅट्रिकचीही गंमतच आहे. पक्षाने रिपब्लिकन, 2024 ला ह्याच मतदारसंघात अध्यक्षपदासाठी कमला हॅरिस पुढे आणि काँग्रेससाठी हा बाबा आरामात पुढे. म्हणजे हजारो लोकांनी मुद्दाम खाली-वर बघून दोन पक्षांना मतं दिली. 2025 च्या जुलैत ट्रम्पचं ते मोठं बजेट विधेयक आलं तेव्हा हाऊसमधे, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, विरोधात गेलेल्या दोनच रिपब्लिकनांमधे हा एक. मला त्याचं सगळं पटतं असं नाही, पण माणूस मतदारसंघाकडे बघून वागतो एवढं दिसतं.

एरवी असं वागणाऱ्याचं काय होतं? 6 जानेवारी 2021 च्या संसदेवरच्या हल्ल्यानंतर हाऊसमधे ट्रम्पवर महाभियोग चालवायला ज्या 10 रिपब्लिकनांनी मत दिलं त्यातले चार पुढच्या वेळी उभेच राहिले नाहीत, चार प्रायमरीत पडले, लिझ चेनी तर वायोमिंगमधे भुईसपाट झाल्या, उरले फक्त दोन. एक वॉशिंग्टन राज्यातला न्यूहाऊस, एक कॅलिफोर्नियातला वालादाओ. आणि ही दोन्ही राज्यं अशी की तिथे प्रायमरी सगळ्यांना खुली असते, सगळे उमेदवार एकाच कागदावर आणि पहिले दोन नोव्हेंबरला जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. (वॉशिंग्टनमधल्याच दुसऱ्या एक बाई मात्र तशा प्रायमरीतही पडल्या, म्हणजे ही काही जादूची कांडी नाही.) तरी मला हा योगायोग वाटत नाही.

बरं, हे सगळं मी आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं तर काय झालं सांगते. एकाने लिहिलं, वहिनी, तुमचं नेहमीच तळ्यात-मळ्यात. हसण्याच्या बाहुल्या टाकून. मला तो शब्द लागला कारण तळ्यात-मळ्यात म्हणजे दुसऱ्याच्या हुकमावर उड्या मारणं, आणि मी तर कुणाच्याच हुकमावर उडी मारत नाहीये! माझी मतं आहेत आणि चांगली ठाम आहेत, फक्त ती सगळी एका पिशवीत मावत नाहीत. सीमेवर कायदा पाळला पाहिजे असं मला वाटतं, व्हिसा बुलेटिन उघडून प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेत आपला नंबर कुठवर आला, ते बघण्यात आमची वर्षं गेली, रांगेत उभं राहणं काय असतं ते मला विचारा. पण 2018 मधे सीमेवर आईबापांपासून लेकरं वेगळी केली तेव्हा मला रात्र रात्र झोप नव्हती. एच-वनचा गैरवापर होतो, हो होतो, माणसं भाड्याने पुरवणारे बॉडी शॉपवाले काय करतात ते आपल्याच लोकांना नीट माहितीये, पण म्हणून 2025 च्या सप्टेंबरात नव्या अर्जाला एक लाख डॉलर फी लावली तो उपाय आहे का, उंदीर झाला म्हणून घर पेटवायचं? आणि इथे जन्मल्याने मिळणारं नागरिकत्व काढून घेणारा ट्रम्पचा तो आदेश, 20 जानेवारी 2025 चा. तो लगेच कोर्टात गेला, आणि तो पुढे जन्मणाऱ्या मुलांपुरताच होता हे मलाही कळतं, पण त्यात फक्त चोरून आलेल्यांचीच नाही तर तात्पुरत्या व्हिसावाल्यांची मुलंसुद्धा धरली होती. माझी मुलगी 2004 ची, आम्ही दोघं तेव्हा एच-वनवर. त्या आदेशाच्या बाजूने ग्रुपवर टाळ्या वाजवणाऱ्यांत अशा दोघांची नावं होती ज्यांची पोरं हुबेहूब तशीच जन्मलीत.

हे लिहिलं की मी फुरोगामी. आणि चोरीच्या केसेस सोडून देणाऱ्या सरकारी वकिलांबद्दल किंवा कोविडमधे शाळा वर्ष-वर्ष बंद ठेवण्याबद्दल लिहिलं की दुसऱ्या बाजूच्या ताई मला पर्सनलवर विचारतात, तू पण भक्त झालीस का गं? शिव्यासुद्धा तिकडूनच आयात. इथे डाव्यांना "वोक" आणि ट्रम्पवाल्यांना "मागा" असे ताजे शब्द आहेत, पण आपल्याला मराठीत भांडायचं म्हणजे गावचाच माल लागतो.

घरातही काही वेगळं नाही. नवरा टॅक्स आणि धंदा बघून मत देतो, मुलगी कॉलेजात जाऊन आली ती डाव्या बर्नी सँडर्सची होऊन, आणि गंमत म्हणजे ते बर्नी स्वतः सेनेटमधे अपक्षच आहेत. दोघंही मला म्हणतात, आई, एकदा ठरव. (नवरासुद्धा आईच म्हणतो, मुलगी झाल्यापासून.) साताऱ्याहून मामाचा फोन येतो, तो विचारतो मग तू कुणाची? मी म्हटलं मामा, तू कुठल्या राष्ट्रवादीचा? तर म्हणाला, तो विषय नको.

एक मात्र कबूल करते. मधे राहायचं म्हणजे प्रत्येक भांडणात अर्धं ह्याचं अर्धं त्याचं असं वाटून द्यायचं, हे मला मान्य नाही, आणि मधले म्हणवणारे काही लोक ते करतात, विशेषतः कष्ट नको असले की. 2020 ची निवडणूक चोरीला गेली नव्हती. कोर्टात साठेक दावे गेले, तिथे निकाल बदलेल असं काही टिकलं नाही. इथे मधली जागाच नाही, पाऊस पडतोय की नाही ह्यावर कसला मध्यममार्ग? तसंच "इंडिपेंडंट" म्हणवणारे सगळे खरे नसतात हेही आहे. गॅलपच्या पाहणीत 2024 ला 43 टक्के लोकांनी स्वतःला इंडिपेंडंट सांगितलं, दोन्ही पक्षांपेक्षा कितीतरी जास्त, पण खोदून विचारलं की बहुतेक जण कुणीकडे तरी झुकतात आणि कुठेच न झुकणारे दहा टक्क्यांच्या आसपास उरतात. मी स्वतः कधी इकडे कधी तिकडे झुकते, झाडसुद्धा झुकतं, म्हणून ते कुणाच्या मालकीचं होतं का.

पण मुद्दा वेगळा काढून विचारा आणि मग बघा लोक काय करतात. कॅन्ससमधे 2022 च्या ऑगस्टमधे गर्भपाताच्या हक्काचा प्रश्न मुद्दाम प्रायमरीच्या दिवशी ठेवला होता, त्या दिवशी एरवी बिनपक्षाचे लोक फारसे येत नाहीत, तरी ते ढिगाने आले, फक्त तेवढा एक प्रश्न भरायला, आणि ट्रम्पच्या त्या राज्यात 59 टक्क्यांनी हक्क राखला. 2024 ला मिझुरीने एकाच दिवशी ट्रम्पला निवडलं, गर्भपाताचा हक्क घटनेत घातला आणि किमान वेतन 15 डॉलर करायला होकार दिला. आता सांगा ह्या मतदाराला कुठल्या तटात घालायचं?

आणि तो 2024 चा ऑक्टोबर! बक्स काउंटीत राहणं म्हणजे शिक्षा होती. अध्यक्ष राज्याराज्यांच्या इलेक्टोरल मतांवर ठरतो, त्यातली पेनसिल्व्हेनियाची 19, आणि राज्य अगदी काठावरचं, त्यामुळे टीव्ही लावला की जाहिरात, फोन उचलला की मेसेज, पोस्टाची पेटी गुळगुळीत पत्रकांनी गच्च, मी ती भाजी निवडायला वापरली. 16 तारखेला कमला हॅरिस वॉशिंग्टन क्रॉसिंगला येऊन गेल्या, सोबत त्यांना पाठिंबा देणारे रिपब्लिकन घेऊन, 20 ला ट्रम्प फीस्टरव्हिलच्या मॅकडोनाल्डमधे एप्रन बांधून फ्राईज भरत होते. दोन्ही जागा आमच्याच काउंटीत. आमच्या गल्लीत पाट्यांची अंगणं इतकी झाली की बिनपाटीचं अंगण उघडं वाटायला लागलं, एका भल्या बाईने मला विचारलंही, तुमची पाटी कुणी चोरली का? शेवटी काउंटीत ट्रम्प अगदी काही शे मतांनी पुढे राहिले, 1988 नंतर इथे अध्यक्षपदाला रिपब्लिकन पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर "अमेरिकेने कौल दिला". काही शे मतं!

वॉशिंग्टन क्रॉसिंग म्हणजे जिथून जॉर्ज वॉशिंग्टनने 1776 च्या नाताळच्या रात्री डेलावेअर नदी ओलांडली ती जागा, दर नाताळला तिथे अजून होड्यांचा खेळ करतात, आम्ही थर्मासमधे चहा घेऊन जातो. त्याच वॉशिंग्टनने 1796 ला निरोपाच्या पत्रात पक्षबाजीपासून सांभाळा म्हणून लिहून ठेवलंय. होड्या बघायला सगळे येतात, ते पत्र कुणी वाचत नाही.

नियम बदलायचे प्रयत्न होतात, नाही असं नाही. कोलोरॅडोत बिनपक्षाच्या मतदाराला दोन्ही पक्षांचे कागद घरी पोस्टाने येतात, एक भरून पाठवायचा. अलास्कात खुली प्रायमरी आणि पसंतीक्रमाचं मतदान आहे, 2024 ला ते रद्द करायचा प्रस्ताव हजारपेक्षा कमी मतांनी हुकला. पण त्याच दिवशी नेवाडा, आयडाहो आणि खुद्द कोलोरॅडोतही अशा सुधारणा लोकांनीच पाडल्या. किचकट वाटतात म्हणून असेल, का पक्षांनी घाबरवलं म्हणून असेल. आमच्याकडे तर प्रायमरी उघडायचं विधेयक म्हणजे दरवर्षीचा पाऊस, येणार येणार म्हणतात.

नवरा म्हणतो एवढं आहे तर प्रायमरीच्या पंधरा दिवस आधीपर्यंत पक्ष बदलता येतो, बदल आणि नंतर परत ये. पुष्कळ लोक करतात. मी 2022 ला फॉर्म भरूनही ठेवला होता, पाठवला नाही. हट्ट म्हणा.

त्यापेक्षा मी दुसरं केलं. इथे मतदान केंद्रावर आपल्यातलेच लोक काम करतात, सकाळी 7 ते रात्री 8, मी गेली काही वर्षं क्लार्क म्हणून बसते. मे महिन्यातसुद्धा. नाव शोधायचं, सही घ्यायची, पक्ष बघून कागद द्यायचा. मागच्या वेळी एक म्हातारं जोडपं आलं, आजींना एका पक्षाचा कागद, आजोबांना दुसऱ्याचा, आणि हात धरून दोघं एकाच गाडीत बसून गेले. तासाभराने कॉलेजातला एक मुलगा आला, पहिलंच मतदान, आई बाहेर फोटो काढायला उभी. यादीत त्याच्या नावापुढे माझ्यासारखंच लिहिलेलं. मी त्याला सांगितलं की आज तुझ्यासाठी कागद नाही. तो म्हणाला, मग तुम्ही कुठला भरलात? मी म्हटलं मलाही नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला, मग विचारलं, ओके, पण "मी मत दिलं" वालं स्टिकर तरी मिळेल का?

दिला मी त्याला. नियमात बसतं की नाही माहीत नाही.

आपली,
एक वाचक
बक्स काउंटी, पेनसिल्व्हेनिया (मूळ सातारा)