संत ऑस्कर रोमेरो स्मरण सभा: मंगळवार, २४ मार्च

वाचक मंडळाच्या सर्व सभासदांना नमस्कार.

संध्याकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधील मुख्य उपासनेनंतर), साडेसात वाजता, आपल्या धर्मग्रामाच्या सभागृहात जमायचे आहे. विषय: मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशाचे रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी प्राण दिलेले) आर्चबिशप रोमेरो.

फेब्रुवारी १९७७ मध्ये ते राजधानी सान साल्वादोरचे आर्चबिशप झाले. तीनच आठवड्यांत त्यांचे मित्र फादर रुतिलिओ ग्रांदे यांची हत्या झाली. तेव्हा पुढच्या रविवारी रोमेरो यांनी सगळीकडच्या मिस्सा रद्द करून कॅथेड्रलमध्ये एकच मिस्सा ठेवली. पुढची तीन वर्षे ते मारल्या गेलेल्या, बेपत्ता झालेल्या गरिबांची नावे प्रवचनातून घेत राहिले. २३ मार्च १९८० रोजी त्यांनी थेट सैनिकांना सांगितले, दडपशाही थांबवा. दुसऱ्याच दिवशी कर्करुग्णांच्या रुग्णालयातील चॅपेलमध्ये मिस्सा अर्पण करताना त्यांना गोळी घालण्यात आली. २०१८ साली ते संत घोषित झाले.

• त्या शेवटच्या रविवारच्या प्रवचनाचा उतारा गटावर येईल. तो वाचूनच या, चर्चा त्यावरच होईल.
• तरुण मुलामुलींना आवर्जून सोबत आणा.
• उपवासकाळ असल्याने फक्त चहा असेल.
• ज्येष्ठांना ने-आण हवी असल्यास रविवारपर्यंत सचिवांना कळवावे.