कोऱ्या कागदाची संहिता कुठून आणून देऊ?

मा. मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

या राज्यात कलावंताला कुणी अडवणार नाही, असं तुम्ही जाहीर भाषणात म्हणाला होतात. त्या शब्दावर विसंबून आम्ही आणीबाणी आणि एकूणच हुकूमशाहीतल्या साहित्यावर अभिवाचन बसवलं, आणि आदल्या संध्याकाळी सभागृहातून फोन की परवानगी रद्द. कारण काय, तर शेवटी आमची मुलं कोरे कागद धरून उभी राहणार होती आणि त्या कागदांवरच्या मजकुराची संहिता आम्ही जमा केली नव्हती. अहो साहेब, कोऱ्या कागदाची संहिता कुठून आणायची?

नोव्हेंबर २०२२ मध्ये कोविडच्या टाळेबंदीत उरुम्चीच्या आगीत माणसं गेली तेव्हा चीनमधली पोरं असेच कोरे कागद घेऊन रस्त्यावर आली होती, लिहिलं तर पकडतात म्हणून काहीच लिहिलं नाही, तरी पकडलंच. स्टालिनच्या काळात रशियन कवयित्री अख्मातोवाची कविता घरात ठेवणंसुद्धा धोक्याचं होतं, मैत्रिणींनी ती पाठ केली आणि तिने कागद जाळून टाकले. आमच्यातल्या एका मुलीने परीक्षा तोंडावर असताना त्याच कवितेचा मराठी अनुवाद पाठ केला होता. फोन आल्यावर ती रडली नाही, गप्प बसली, आणि मला तेच जास्त लागलं.

माझे वडील आणीबाणीत आत होते. सुटून आले तर नोकरी गेलेली, आई शिवणकाम करून घर चालवायची, मी त्या घरात वाढलोय. आता त्यांना नीट चालता येत नाही, तरी पहिल्या रांगेत बसवून दुर्गाबाई भागवतांबद्दल ऐकवायचं होतं. १९७५ ला कराडच्या साहित्य संमेलनात यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते, केंद्रात मंत्री होते, तरी बाईंनी अध्यक्षपदावरून आजारी जयप्रकाश नारायणांसाठी जाहीर प्रार्थना केली. पुढे अटक झाली, पण निदान मंडपाला कुणी कुलूप लावलं नाही.

तुम्ही लोक २५ जूनला संविधान हत्या दिवस पाळता, आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना मानधन देता, आणि त्याच आणीबाणीवरचं वाचन बंद पाडता, हे जमतं कसं? आणि फक्त तुमचं नाही, सगळ्याच पक्षांचं सांगतोय. इंग्रजांनी 'कीचकवध' नाटक बंद पाडलं, इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षं उलटली, सरकारं आली गेली, पण नाटकाची संहिता आधी सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडून पास करून घ्यायची पद्धत कुणी मोडली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये एका अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार सरकारने जीआर काढून रद्द केला, परीक्षकांच्या निवडीला किंमतच नाही. दुसऱ्याच्या राज्यातला बंडखोर लेखक सगळ्यांनाच आवडतो, आपल्या राज्यातला नको असतो.

मला चौकशी समिती नको. परवानगी कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली रद्द केली ते लेखी द्या. डिपॉझिट परत करा, त्यात मुलांचे पैसे आहेत. आणि त्याच सभागृहाची नवी तारीख द्या, या महिन्यातली, वडिलांची तब्येत थांबणार नाही. कागद कोरेच असतील.

आपला,
एक नाटकवाला