जुने संगणक भंगारात काढण्यापूर्वी

महोदय,

विंडोज १० साठीची नियमित मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागत असल्याने अनेक धडधाकट संगणक एकाएकी जुने ठरले. स्रोतसंहिता (प्रणाली ज्या मूळ सूचनांवर चालते त्या) मालकाच्या कुलपात असली की मुदतही मालकच ठरवतो. लिनक्स या विंडोजला पर्यायी असलेल्या प्रणालीची संहिता खुली असल्याने ती दुसरा कोणीही पुढे चालवू शकतो. घरच्या चार जीबी रॅमच्या संगणकावर मी लिनक्स मिंट ही लिनक्सची एक आवृत्ती बसवली, तेव्हा मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक लगेच चालला. युनिकोड ही अक्षरांची सामायिक संगणकीय पद्धत रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमधली जुनी पत्रे मात्र अगम्य चिन्हांत उघडली (अर्थात, तो दोष लिनक्सचा नव्हे). केरळमधील सरकारी शाळा वर्षानुवर्षे अशी मुक्त (खुल्या संहितेची) प्रणाली वापरत आहेत. आपल्या शाळांनीही हे करून पाहावे. डीटीपी (संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचे काम) करणाऱ्या व्यावसायिकांना मात्र हा सल्ला मी देणार नाही.

– एक वाचक, सातारा