पुनर्रोपण उन्हाळ्यात नको

रस्तारुंदीत येणारी झाडे पुनर्रोपण करून वाचवण्याच्या निर्णयाची बातमी वाचली. हेतू चांगला, पण वेळ चुकली तर झाड वाचत नाही. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी पानांच्या रंध्रांतून वाफ होऊन जाते आणि त्याच ओढीने खालचे पाणी शेंड्यापर्यंत चढते. हे पाणी शोषतात ती टोकाची कोवळी, केसासारखी मुळे. जुन्या वडाची ही मुळे दूरवर पसरलेली असतात आणि यंत्राने उपटताना तीच तुटतात. पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पाने पाणी गमावत राहतात, खालून पुरवठा होत नाही. म्हणून हे काम पावसाळ्याच्या सुरुवातीलाच, पालवी छाटून करावे. पुढची दोन-तीन वर्षे नियमित पाणी देण्याची अट ठेकेदाराच्या करारातच असावी.

— एक वाचक, कोथरूड, पुणे