मागणी दिल्लीत, मतदारयादी मंडळीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दलित ख्रिस्ती बांधवांना अनुसूचित जातींचा दर्जा मिळावा, या मागणीच्या बातम्या आपल्या दैनिकात येत असतात. मागणी पूर्णपणे न्याय्य आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हा दर्जा हिंदू धर्माशी बांधला. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. 2004 पासून प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे. 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला, आणि त्याच वर्षी केंद्राने प्रतिज्ञापत्रात म्हटले की ख्रिस्ती समाजात अस्पृश्यतेची प्रथाच नव्हती.

यावर चर्चने काय बोलावे? न्यायालयात आपण म्हणतो, बाप्तिस्मा झाला तरी गाव जात विसरत नाही. रविवारी उपदेशात मात्र ‘आपल्यात जातपात नाही’ असे ऐकू येते. ही दोन्ही वाक्ये एकत्र टिकत नाहीत. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा चर्चमध्येही अस्पृश्यता पाळली जाते हे लेखी मान्य केले. ती कबुली मोलाची होती. पण बिशपांच्या सभेतले धोरण गावच्या मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चच्या सभासदांत, येईपर्यंत विरून जाते, कारण कोणी, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या वहीत काय बदलायचे हे त्यात नेमून दिलेले नसते.

अहिल्यानगर, जालना या पट्ट्यातील मंडळ्या मुख्यतः महार आणि मांग समाजांतून उभ्या राहिल्या. त्यामुळे इथली उतरंड केरळ किंवा तमिळनाडूसारखी नाही. मिशनच्या शाळेत आणि दवाखान्यात आधी नोकरीला लागलेली घराणी एकीकडे, पिढ्यान्‌पिढ्या मजुरीवर राहिलेली दुसरीकडे, आणि महार-मांग अंतर त्यातही शाबूत. ही उतरंड नेमकी पकडायची असेल तर मंडळीची मतदारयादी काढून बघावी.

अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत कमिटीच्या निवडणुकीतला मताधिकार वर्गणीशी जोडलेला असतो. वर्गणी थकली की नाव गळते. हा नियम शिस्तीसाठी केला असे सांगतात, परंतु त्यातून घडते एवढेच की विधवा, रोजंदारीवरचे आणि स्थलांतर करणारे आपोआप वगळले जातात. वार्षिक सभा ऊसतोडीच्या हंगामात ठेवली तर बरीच कुटुंबे कारखान्यांच्या फडावर असतात. वर्गणी बुडालेली, माणूस गैरहजर, आणि त्याच चार घरांची कमिटी पुन्हा बिनविरोध. मुद्दाम केले असे सिद्ध करता येत नाही, म्हणूनच हे वर्षानुवर्षे चालते.

दुरुस्ती कठीण नाही. मताधिकाराची अट बाप्तिस्मा किंवा दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास जाहीरपणे पक्का करण्याचा विधी) आणि वय एवढीच ठेवावी. वर्गणी ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोडावी. यादी सभेच्या सहा आठवडे आधी फलकावर लावावी. ज्याचे नाव वगळले त्याला कारण लेखी कळवावे, हरकतीला पंधरा दिवस द्यावेत आणि हरकत ऐकणारा माणूस कमिटीबाहेरचा असावा. सभा पावसाळ्यात घ्यावी, म्हणजे ऊसतोडीला गेलेले घरी असतात. आणि यादी कुटुंबप्रमुखाच्या नावाने कधीच करू नये, प्रत्येक प्रौढाचे नाव स्वतंत्र लिहावे. बाईचे मत कुठे हरवते ते यातच कळते.

हे पवित्र शास्त्राला सोडून आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’, सहावा अध्याय उघडावा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते, अशी तक्रार आली. प्रेषितांनी ‘आपल्यात भेदभाव नाही’ असे उत्तर दिले नाही. सगळी मंडळी बोलावली, सात माणसे निवडायला सांगितली आणि वाटप त्यांच्याकडे सोपवले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव: सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती कारभार. याहून स्पष्ट नमुना कोणत्या घटनेत सापडेल?

पैशाचेही तसेच. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम एकट्याने नेत नाही. मंडळ्यांनी नेमलेली माणसे सोबत घेतो, कोणी दोष लावू नये म्हणून. आपल्याकडे अर्पणाची थैली कित्येकदा खजिनदाराच्या घरी जाते. पद्धत अशी असावी: उपासना संपताच, नात्यात नसलेल्या दोघांनी चर्चमध्येच मोजणी करावी; नोटांची फोड चिठ्ठीवर लिहून दोघांनी सही करावी; पूर्ण रक्कम पुढच्या कामकाजाच्या दिवशी बँकेत भरावी. भरण्याआधी त्यातून एक रुपयाही खर्च करू नये, कारण घोटाळ्याची सुरुवात बहुधा ‘विजेचे बिल तेवढे परस्पर भरले’ इथूनच होते. चेकबुक ज्याच्याकडे, त्याने पासबुकाशी ताळा घालू नये. ते काम दुसऱ्याने करावे.

मदतनिधीचे खाते वेगळे असावे. गरजू माणसाला पाळकांच्या (मंडळीच्या धर्मगुरूंच्या) दारात उभे राहावे लागते, तिथे मदतीचे उपकार होतात आणि निवडणुकीत त्या उपकारांची परतफेड मागितली जाते. तिघांची समिती करावी, त्यात कधीतरी स्वतः मदत घेतलेली एक व्यक्ती असावी. निकष लेखी असावेत. फलकावर नावाऐवजी अर्जाचा क्रमांक आणि रक्कम लावावी. फोटो काढू नयेत.

सर्वांत मोठा प्रश्न जमिनीचा. मिशनऱ्यांनी शाळा, दवाखाने, वसतिगृहे, कुष्ठरुग्णांच्या वसाहती यांसाठी घेतलेल्या जागा आज शहरांच्या मध्यावर आल्या आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 नुसार नोंदणीकृत न्यासाची स्थावर मिळकत विकायला, दान द्यायला किंवा अदलाबदल करायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. शेतजमिनीचा 10 वर्षांहून आणि बिगरशेती जागेचा किंवा इमारतीचा 3 वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टाही त्यात येतो. पळवाटा सभासदांना ओळखता आल्या पाहिजेत. अकरा महिन्यांचा परवाना पुन्हा पुन्हा वाढवला जातो. विक्रीला विकसन करार असे नाव दिले जाते. कुलमुखत्यारपत्र करून प्रत्यक्ष ताबा दिला जातो. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. दोन गट दोन अर्ज देतात, वाद पडून राहतो आणि परिशिष्ट-1 वर, म्हणजे विश्वस्त आणि मिळकती यांच्या सरकारी नोंदीवर, जुनीच नावे राहतात. त्या नावांच्या सह्यांवर व्यवहार होतात.

म्हणून आधी तीन कागद काढावेत. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट-1 चा उतारा, तलाठ्याकडून सातबारा किंवा नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, आणि त्या गटाचे सगळे फेरफार. सर्व्हे नंबर आणि क्षेत्र एकमेकांशी पडताळावे. उताऱ्यात एखादी मिळकत नसेल तर ती कधीच नोंदवली गेली नाही का, हे लगेच विचारावे, कारण नोंद नसलेली जागा सर्वांत आधी जाते. विकलेल्या जागेचा पैसा पगारात आणि कज्जेखटल्यांत संपला तर तो परत उभा राहत नाही. तो मुदत ठेवीत राहावा आणि फक्त व्याज वापरावे, तेही मूळ दानाच्या हेतूसाठी. कुष्ठरुग्णांसाठी दिलेल्या जागेवर लग्नाचे लॉन उभे राहणे हा माझ्या मते गरिबांवरचा सरळ दरोडा आहे.

असे प्रश्न विचारणाऱ्याला ‘पाश्चात्त्य पुरोगामी’ म्हणण्याची रीत आहे. ते खरे नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण बिशपांचा शब्द केवळ बिशपांचा म्हणून त्यांनी स्वीकारला नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून त्यांनी बायबल मराठीत आणले. आज त्यांची तसबीर लावणाऱ्या मंडळ्यांत बायकांकडे चहा आणि सजावट येते, ठरावावर सही क्वचित. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांनी 1917 मध्ये मिशनपासून वेगळे होऊन ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ मांडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या दोघांनाही त्यात जागा दिली. ख्रिस्ती विचारवंत अरविंद निर्मल यांनी 1981 मध्ये बंगळुरूला शूद्रांच्या ईश्वरविद्येची (धर्मचिंतनाची) मांडणी केली, तिथून दलित ईश्वरविद्या वाढली. चर्चचा पुनर्विचार ही आपल्या घरचीच परंपरा आहे.

एका बाबतीत मात्र विचारविनिमयाला जागाच नाही. मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पॉक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; न कळवणे हा कलम 21 खाली गुन्हा आहे. ‘आधी मंडळीत चौकशी करू’ म्हणताना पुरावा जातो, मुलावर दबाव येतो आणि आरोपीची दुसऱ्या मंडळीत बदली होते. संडे स्कूल, वसतिगृह आणि शिबिर चालवणाऱ्या प्रत्येकाला हे कलम वाचून दाखवावे आणि वाचल्याची सही घ्यावी.

येत्या वार्षिक सभेच्या सहा आठवडे आधी प्रत्येक मंडळीने फलकावर तीन गोष्टी लावाव्यात: पूर्ण मतदारयादी, लेखापरीक्षकाच्या सहीचा जमाखर्च आणि मिळकतींची यादी क्षेत्रासह. जिथे लावल्या जाणार नाहीत तिथल्या सभासदांनी त्या लेखी अर्जाने मागाव्यात आणि अर्जाच्या स्थळप्रतीवर पोहोच घ्यावी.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक