आंबील ओढ्याच्या भिंतीचा पाया कोण बघणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या आंबील ओढ्यात पोकलेन उतरते. दोन दिवस गाळ आणि प्लॅस्टिक वर निघते, काठावरच ढीग लागतात आणि पहिल्या जोरदार सरीत त्यातले बरेचसे परत ओढ्यात जाते. याला नालेसफाई म्हणतात. त्याची तक्रार नाही, तेवढी सवय झाली आहे. लिहायचे आहे ते भिंतीबद्दल.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र सहकारनगर-अरण्येश्वर भागात कोणी विसरलेले नाही. कात्रजकडून आलेल्या लोंढ्याने पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढवल्या. टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. त्यानंतर ‘ओढ्याला भिंत बांधा’ असे आम्ही सगळेच ओरडत होतो, मीही. आमच्या सोसायटीच्या मागे ती बांधलीही गेली.

आमच्या सोसायटीमागे ओढा वळतो. वळणावर पाण्याचा सगळा मार बाहेरच्या काठाला बसतो आणि नेमकी तिथेच भिंतीच्या पायाखालची माती वाहून गेली आहे. मे महिन्यात पात्र कोरडे होते म्हणून खाली उतरलो, सहज छत्री घालून पाहिली, तर मुठीपर्यंत आत गेली. भिंतीमागे मुरलेले पाणी बाहेर पडावे म्हणून जे पाइप ठेवले आहेत, त्यातले बहुतेक मातीने बुजलेले. म्हणजे मागून पाण्याचा रेटा आणि खालून पोकळी. संबंधित कचेरीत जाऊन सांगितले, तर तिथले साहेब म्हणाले, “काका, भिंत उभी आहे ना?” आहे की. रंगसुद्धा नवा आहे.

दोन्ही अंगांना भिंती घालून पात्र आवळले की पाण्याला पसरायला जागा उरत नाही, त्याचा वेग वाढतो. काठ खाता येत नाही, मग ते तळ खाते. भरीला पात्राच्या मधोमध ड्रेनेजची चेंबरे. त्यांवर आपटलेले पाणी भिंतीकडेच वळते. वळणांवर पायाशी मोठे दगड रचावेत, जाळीत दगड भरून उतरती बांधणी करावी, आणि जिथे अजून मोकळी जागा आहे तिथे तरी भिंतीचा हट्ट सोडून काठ उताराचा ठेवावा. वाळा, करंज, वाळुंज यांची मुळे माती किती घट्ट धरतात, हे जुन्या माळ्यांना विचारावे.

दुसरे दुखणे वर, ओढा जिथून येतो त्या कात्रजच्या डोंगरात आहे. उतार फोडून सपाट केले की तिथली माती पावसाबरोबर खाली येते आणि पात्र उथळ होते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला दोन तलाव बांधले, त्यांची मांडणीच अशी की गाळ वरच्या तलावात बसावा आणि नितळ पाणी खालच्यात यावे. गाळ वरच अडवायचा असतो हे अठराव्या शतकात ठाऊक होते. आपण तो खाली शहरात, दांडेकर पुलापर्यंत येऊ देतो, मग पोकलेन भाड्याने घेतो.

यंदा नालेसफाईच्या पैशातून थोडे बाजूला काढून कात्रज ते मुठा नदीपर्यंत प्रत्येक वळणावर भिंतीचा पाया तपासावा आणि तो अहवाल लोकांना वाचायला मिळावा, एवढीच मागणी आहे. आमच्या वळणावर येणाऱ्या अभियंत्यांना चहा माझ्याकडे. फक्त गमबूट घालून यावे, वरून वाकून काही दिसत नाही.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, सहकारनगर, पुणे